लागते का कोणाले?

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

रजया गेल्या. दोन्ही.

रमजानच्या आधीची सफाई. अम्मीने आतली खोली उघडली, माझं सामान उन्हात टाकायला. माझं म्हणजे जहेजचं – लग्नात दिलेलं आणि आठ महिन्यांनी कामठीहून टेम्पोत भरून परत आलेलं. सागवानी पलंग, कपाट, शिलाई मशीन, स्टीलची भांडी, डिनर सेट, मिक्सर, रजया. अकरा वर्षं झाली. दर वर्षी अम्मी पलंग-कपाट सोडून सगळं बाहेर काढते, पुसते, डांबरगोळ्या बदलते, परत जुन्या चादरीत बांधून ठेवते. "दूसरी बार काम आएगा." दुसरी बार म्हणजे माझं दुसरं लग्न. मी एकोणचाळीस वर्षांची आहे.

या वेळी गाठोडं सोडलं तर आत उंदराची पिल्लं. वरच्या रजईला ओल, काळी बुरशी. अम्मी तिथेच खाली बसली. अब्बू दुकानातून आले, बघितलं, आणि तिच्यासाठी पाणी आणायला गेले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी घंटागाडी आली तेव्हा रजया मीच नेऊन दिल्या. शकुबाईने काठीने उलटवून पाहिल्या. ती आमच्या वॉर्डाचा कचरा उचलते, मी शाळेत मास्तरीण झाले तेव्हापासून मला मॅडम म्हणते.

"मॅडम, कधीच्या हायेत?"

अकरा वर्षांच्या, म्हटलं.

"एकदाबी आंगावर नाई घेतल्या?"

नाही.

ती काठी टेकून उभी राहिली. म्हणाली, "दोन वर्साआधी देल्या असत्या तं माह्या पोरीची थंडी निंगाली असती न."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने साधंच म्हटलं, आणि रजया गाडीत टाकून पुढच्या घराची घंटी वाजवली.

शाळेत दिवसभर तेच डोक्यात. सातवीच्या पोरांना विरुद्धार्थी शब्द दोनदा शिकवले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज शकुबाईसाठी मुद्दाम थांबले. विचारलं – कचरा-डेपोत काय काय येतं?

"काय सांगू तुमाले! चालू मिक्सर. पोराची सायकल, फक्त पंचर. पुस्तकं तं गठ्ठ्यानं. मांगच्या दिवाळीत एक पाळणा आला, नवा कोरा."

मग लोक कोणाला देऊन का टाकत नाहीत?

"देनाऱ्याले मालूम नाई कोनाले द्याचं. अन मांगनाऱ्याले लाज वाटते. म्हनून मंग सारं माह्या गाडीत."

बल्लारपूरबाहेर जो कचऱ्याचा डोंगर वाढून राह्यला आहे, त्यात माझ्या दोन रजया आहेत. चंद्रपूर रोडने जाताना आता तिकडे बघवत नाही.

एक गोष्ट तिने सांगितली ती फार आवडली. चांगली वस्तू हाती लागली की ती गल्लीत उभी राहून वर धरते आणि ओरडते – लागते का कोणाले?

२३ फेब्रुवारी, रविवार

व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव तेच – लागते का कोणाले? गल्लीतली अठरा माणसं, शाळेतल्या सहा बाया, शकुबाई, आणि शेजारचा रईस, कारण त्याच्याकडे टेम्पो आहे. नियम तीनच लिहिले. पैसे घ्यायचे नाहीत. वस्तूत खोट असेल तर आधी सांगायची. न्यायला स्वतः यायचं.

पहिली वस्तू माझी, खडू ठेवायचा जुना डबा. कोणालाच लागला नाही.

१ मार्च, शनिवार

ग्रुपवर एकशे चाळीस माणसं! एक भाऊ लिहितात, "सासऱ्यांची काठी आहे. सासरे गेले, काठी चांगली आहे." अर्ध्या तासात तिघांनी मागितली. एका ताईने फुटकी बादली, एकच चप्पल आणि आतून तुटलेलं कुकरचं झाकण असा फोटो टाकला, खाली हात जोडलेले. कोणीतरी विचारून राह्यलं, "फ्रीज आहे का? डबल डोअर?"

पण एका घरातून सहावीची सगळी पुस्तकं दुसऱ्या घरात गेली, आणि तिथल्या मुलीने कव्हर घालून फोटो पाठवला. तो फोटो मी चार वेळा बघितला.

अम्मी बघते सगळं, पण विचारत नाही. आज एवढंच म्हणाली, "लोगों का घर साफ कर. अपना रहने दे."

उद्या पहिला रोजा.

८ मार्च, शनिवार

मी एक काम केलं. बरोबर केलं असं वाटून राह्यलं आहे.

कांता म्हणून एक बाई आहे, स्टेशनपलीकडे राहते. नवऱ्याचं ठेकेदारीतलं काम सुटलं. तिने ग्रुपवर लिहिलं, "शिलाई मशीन असन तं सांगा, जुनी चालते, ब्लाऊज शिवता येते मले." दोन दिवस कोणीच काही लिहिलं नाही. मला ते बघवेना. आतल्या खोलीत मशीन आहे – कोरी, प्लास्टिकसुद्धा न काढलेली.

अम्मी चंद्रपूरला खालाकडे, तिच्या बहिणीकडे गेली होती. रईसला टेम्पो आणायला सांगितला. माझीच तर आहे, म्हटलं.

अब्बू दारात उभे होते. "अम्मी से पूछा?" मी म्हटलं, सांगेन. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

१२ मार्च, बुधवार

सांगितलंच नाही. आज अम्मी चादरी काढायला आत गेली. जागा रिकामी.

मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडली नाही. इफ्तारच्या वेळी माझ्यासमोर खजूर ठेवले, माझ्याकडे न बघता. नमाज झाल्यावर एवढंच म्हणाली –

"वो तेरी थी ही कब?"

मग हळूहळू सांगितलं. ती मशीन तिने दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल-पिको करून घेतली होती. चार वर्षं. रोज स्वतःच्या जुन्या मशीनवर बसून, जिचं पायडल दर फेऱ्याला करकरतं आणि जिचा पट्टा तिने तीनदा सुतळीने जोडला आहे. नवी मशीन आतल्या खोलीत होती आणि ती बाहेर जुनीवर बसत होती. एकदाही नवी वापरली नाही. माझ्यासाठी ठेवली म्हणून.

मी अकरा वर्षं त्या सामानाकडे माझ्या फजितीचा ढिगारा म्हणून बघत होते. ती तिची मेहनत होती, हे एकदाही मनात आलं नाही. मी दुसऱ्याची वस्तू दान करून मोठी झाले.

१३ मार्च, गुरुवार

अम्मी बोलत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

आजही नाही. पहाटे सेहरीला उठवलं मात्र तिनेच, पायाला हात लावून.

१५ मार्च, शनिवार

दुपारी कांता आली. रईसच्या टेम्पोत मशीन घेऊन! रईसनेच सांगितलं असणार. बाई माझ्याच वयाची, बारीक, हातात पिशवी. अम्मीसमोर उभी राहिली.

"चाची, मले मालूम नोतं. मॅडमनं देली म्हनून घेतली. तुमचं मन दुखवून मले मशीन नाई पायजे."

मला जमिनीत जावंसं वाटत होतं. रईसने मशीन अंगणात उतरवली. अम्मी तिच्याभोवती एकदा फिरली. वाकली. बोटाने सुई चाचपली.

"सुई उलटी किसने लगाई?"

कांता म्हणाली, "मीच. म्हनूनच टाका सुटून राह्यला का?"

"उलटी सुई से टाका आएगा क्या? बैठ. बैठ इधर."

आणि बसवलं तिला. सुई काढली, लावून दाखवली, पुन्हा काढली, तिला लावायला लावली. बॉबिन कशी भरायची, तेल कुठे किती टाकायचं, पाय कसा ठेवायचा. रोजा असून तासभर. कांता मराठीत विचारते, अम्मी हिंदीत सांगते, दोघींना सगळं कळतं. शेवटी कांताने एका चिंधीवर सरळ शिलाई मारली. अम्मीने ती उजेडाकडे धरून बघितली.

"ले जा," म्हणाली. "और बुधवार को आना. काज-बटन बाकी है."

टेम्पो गेल्यावर माझ्याकडे वळली. चार दिवसांत पहिल्यांदा. "अगली बार मुझसे पूछ के देना."

अगली बार – म्हणाली ती!

१६ मार्च, रविवार

अम्मीचे पाय दाबले. माफी मागितली. ती म्हणाली, जोरसे दबा.

२२ मार्च, शनिवार

घरात आता अम्मीचं राज्य. तिला ग्रुपवर घ्यावं लागलं. लिहीत नाही, आवाज पाठवते. फुटक्या बादलीवाल्या ताईला आज ऐकवलं – "बेटा, ये देना नहीं है, ये फेंकना है." सगळा ग्रुप गार. थोड्या वेळाने त्या ताईने चांगली इस्त्री टाकली, चालू, वायरसकट.

नियम आता चार. चौथा अम्मीचा. पाहुण्याच्या हातात देताना लाज वाटेल, ती वस्तू द्यायची नाही.

आतल्या खोलीतलं सामान ती स्वतः देते, पण आधी मुलाखत. मिक्सर मागायला आलेल्या पोराला विचारलं, घर में कौन पीसेगा? तो म्हणाला, मीच, आईचा हात मोडला. लगेच दिला, वर जिरं-लसणाची चटणी कशी करायची तेही सांगितलं. डिनर सेट मात्र अजून कोणाला दिला नाही. "छह लोग एक साथ खाना खाने वाला घर लाओ, तब दूँगी." अजून तसं घर मिळालं नाही.

अब्बूंनी त्यांचं वेगळंच काढलं. ते जिल्दसाज – सगळं आयुष्य ऑफिसांची रजिस्टरं बांधण्यात गेलं, आता कोणी बांधून घेत नाही. शाळेत वर्ष संपता संपता पोरं अर्ध्या कोऱ्या वह्या फेकतात. मी गोळा करून आणते, ते कोरी पानं सोडवून नव्या वह्या शिवतात. पुठ्ठा, कापडी पाठ, लईची खळ. आज सतरा झाल्या. अम्मी म्हणते, इतने साल में इतना खुश नहीं देखा इनको. मीही नाही.

३१ मार्च, सोमवार. ईद

शकुबाई शीरखुर्मा खायला आली. अम्मीने तिला आत बोलावलं आणि गोधडी काढून दिली. रात्रंदिवस काय शिवत होती ते आज कळलं. जुन्या साड्या, फॉलच्या उरलेल्या पट्ट्या, आणि टाका इतका बारीक की दिसतच नाही.

शकुबाई म्हणाली, "चाची, थंडी तं गेली न आता."

"फिर आएगी," अम्मी म्हणाली.

शकुबाईने गोधडी नऊवारीसारखी हातावर घेतली आणि गेली. शीरखुर्म्याची वाटी अर्धीच राहिली. अम्मीने नंतर डबा भरून तिच्या घरी पाठवला.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. कांताकडे आठ दिवस कामाचा ढीग होता – पांढऱ्या साड्यांना फॉल, पोरांचे पांढरे कुर्ते. आज मिरवणुकीच्या आधी ती नवरा आणि दोन्ही पोरांसकट आली, सगळे पांढऱ्यात. कुर्ते तिनेच शिवले. अम्मीने धाकट्याच्या कुर्त्याची कॉलर उलटून बघितली. पास. बुंदीचा डबा ठेवून गेले.

२० एप्रिल, रविवार

एटापल्लीहून आत्ताच आले. थकले आहे, पण लिहूनच झोपते.

तिथे एका छोट्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. कोणीतरी ग्रुपचा मेसेज तिथपर्यंत पोचवला आणि मडावी बाईंचा फोन आला. त्या वसतिगृह बघतात. सव्वीस मुली, आठ ताटं फुटकी. मी अम्मीला सांगितलं. तिने एकच विचारलं – "साथ में बैठ के खाती हैं?" हो. "डिनर सेट ले जा. सब बर्तन ले जा."

रईसचा टेम्पो. आष्टीपर्यंत ऊन, आलापल्लीनंतर सावली सुरू झाली ती संपेचना. दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, मोहाचा वास, रस्त्यात टोपल्या घेतलेल्या बाया.

पोचलो तर मुली रांगेत उभ्या. भांडी उतरवून घेतली, सगळ्यांनी मिळून राखेने घासली – नवी आहेत म्हटलं तरी. मग अब्बूंच्या वह्या वाटल्या. चौथीतली एक मुलगी वही नाकाला लावून उभी. मला म्हणाली, "हे कोनी शिवलं?" माझ्या वडिलांनी. तिने पान उलटलं, परत मिटलं. "मंग याच्यात चूक नाई लिवाची."

म्हणून मग मी तिच्याजवळ बसले आणि आधी पाटीवर लिहून घेतलं. घरात तिची गोंडी, शाळेत मराठी. 'पाऊस' लिहिताना ऊ कुठे लावायचा यावरून आमचं बरंच चाललं. बघता बघता नऊ मुली भोवती. रईसने दोनदा हॉर्न वाजवला.

मडावी बाई निघताना सहज बोलल्या. "येत्या जूनपासून मी एकटीच आहे. राहाणारी मॅडमच भेटत नाई. शिकलेली बाई इथी टिकत नाई, दोन महिन्यात जाते निंघून."

मी टेम्पोत बसले. अम्मीला गुडघे, अब्बूंना साखर. माझी शाळा. माझं घर.

४ मे, रविवार

पलंग राहिला होता. कपाट गेलं, भांडी गेली, पलंगाचं नाव कोणी काढत नव्हतं. आलापल्लीचं सागवान, उशाकडे कोरलेली फुलं. ती फुलं अम्मीनेच निवडली होती, सुताराजवळ उभं राहून.

पुढच्या आठवड्यात रईसचं लग्न. त्याच्या आईने लाजत विचारलं. अम्मी म्हणाली, वो नहीं.

दुपारी भेंडी चिरायला बसलो दोघी. अम्मी खाली बघूनच म्हणाली,

"तुझे करनी है क्या? शादी."

अकरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं. आतापर्यंत फक्त सांगत आली – होईल, बघू, अमक्याचा मुलगा आहे. मला विचारलं नव्हतंच. आणि मीही कधी सांगितलं नव्हतं.

"नहीं, अम्मी."

"उसकी वजह से?"

नाही, म्हटलं. तो काही वाईट नव्हता. त्याला लग्न करायचंच नव्हतं, त्याच्या घरच्यांना करायचं होतं. त्याच्यावरचा राग कधीच गेला. पण मला आता नाही करायचं. मनापासून नाही.

ती भेंडी चिरत राहिली. पूर्ण पाव किलो संपली. मग, "फिर क्या करना है?"

उत्तर आलं होतं, पण ते तोंडातून काढलं नाही. म्हटलं, मालूम नहीं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग उठली, हात धुतले, आणि भिंतीवरून हाक मारली. "रईस! चार लड़के ले के आ."

पलंग दारातून निघेना, कोन अडकला. अब्बूंनी दाराच्या बिजागऱ्या काढल्या. अम्मी उशाकडची फुलं ओढणीने पुसत पुसत रस्त्यापर्यंत गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा.

"खोली झाड," मला म्हणाली. मराठीत. का ते माहीत नाही.

झाडली. खिडकी उघडली. तिथे खिडकी आहे हे मी विसरलेच होते. इतकी वर्षं कपाट समोर होतं.

१८ मे, रविवार

आतली खोली रिकामी नाहीच राहिली. कांताने तीन बाया आणल्या शिलाई शिकायला. अम्मी मध्ये खुर्चीवर. चार बायांचा आवाज दिवसभर. अब्बू म्हणतात, मैं दुकान में सुकून से सोता हूँ.

ग्रुपवर सहाशेच्या वर माणसं. शकुबाई म्हणाली, तुमच्या वॉर्डात गाडी आता लवकर भरत नाई. एवढंच. डेपोचा डोंगर काही कमी झाला नाही, तो तसाच आहे. पण ती म्हणाली, तेव्हा बरं वाटलं.

२ जून, सोमवार

शाळा सुरू व्हायला अजून तीन आठवडे. करमत नाही. अब्बूंनी चाळीस वह्या बांधून ठेवल्या. कोणासाठी, मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

८ जून, रविवार

काल बकरी ईद. आज पाहुणे. अम्मी दोन-तीनदा फोन घेऊन अंगणात गेली. खाला असेल.

१२ जून, गुरुवार

मडावी बाईंचा फोन. "वीस तारखेले या, मॅडम. तुमची खोली झाडून ठेवली."

मी म्हटलं, मी तर अर्जच केला नाही.

"तुमच्या अम्मीनं केला न. तीनदा बोलल्या माह्यासंग. त्याइले रईसनं सांगितलं म्हने, एटापल्लीहून येताना तुमी बल्लारपूरपर्यंत एक शब्द नाई बोलल्या. म्हनल्या, पोरगी तोंडानं कधी मांगनार नाई, तुमीच बलवा."

स्वयंपाकघरात गेले. अम्मी पीठ मळत होती. वर बघितलं नाही.

"मेरे सामने मत रोना," म्हणाली. "रोई, तो जाने नहीं दूँगी."